टेम्प्लेट कुणाच्या हातात? ऑटोकॅडमध्ये टेम्प्लेट आणि फायलींच्या परवानग्यांची घडी बसवताना

एका शुक्रवारी संध्याकाळी घाईत मी ऑटोकॅड या ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधलं ऑफिसचं टेम्प्लेट, म्हणजे प्रत्येक नवं ड्रॉइंग जिच्यावरून सुरू होतं ती तयार फाइल, 'न्यू'ऐवजी 'ओपन'ने उघडलं, त्यात एका कामाचा टायटल ब्लॉक (शीटवरची नाव-माहितीची चौकट) भरला, दोन लेआउट (छापायची पानं) काढून टाकले आणि सेव्ह करून घरी गेलो. ड्रॉइंग वेगळ्या नावाने सेव्ह केलंय, अशी माझी पक्की समजूत. पुढचे तीन आठवडे ऑफिसातलं प्रत्येक नवं ड्रॉइंग त्या एकाच ग्राहकाचं नाव कपाळावर घेऊन जन्माला येत होतं. बहुतेक जण नाव खोडून आपलं टाकत राहिले. कुणाला वाटलं नवीन पद्धत आली असेल. एका शीटवर मात्र ते नाव तसंच राहिलं आणि शीट भलत्याच माणसाकडे गेली.

टेम्प्लेट वाईट नव्हतं. बरेच दिवस खपून केलेलं होतं. पण त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी सगळ्यांना होती, आणि 'सगळ्यांना'मध्ये मीही आलो. तेव्हापासून मी ही दोन्ही कामं एकच समजतो: टेम्प्लेट बनवणं आणि ते कुणाला बदलता येईल हे ठरवणं. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः विंडोजवरच्या ऑटोकॅडला धरून आहे. सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी हे कळू द्या: टेम्प्लेटमध्ये काय बसतं, काय नाही

'टेम्प्लेटमध्ये सेट केलं तरी दुसऱ्याच्या मशीनवर येत नाही' ही तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे. तिचं उत्तर एकच. ऑटोकॅडची काही सेटिंग्ज ड्रॉइंगच्या फाइलमध्ये साठतात, तर काही त्या त्या माणसाच्या विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात.

लेयर (ड्रॉइंगचे थर), टेक्स्ट स्टाइल, डायमेन्शन (मापांची) स्टाइल, लेआउट, पेज सेटअप, ब्लॉक (पुन्हा वापरायच्या तयार आकृत्या), एकक ठरवणारा इन्सयुनिट्स, रेषांचा एलटीस्केल ही सगळी ड्रॉइंगची मालमत्ता. ती टेम्प्लेटमधून येते. ऑब्जेक्ट स्नॅप कोणते चालू, ऑटोसेव्ह किती मिनिटांनी, बॅकअप फाइल बनवायची की नाही, डायलॉग बॉक्स दिसायचे की नाही, ही माणसाची मालमत्ता. ती टेम्प्लेटमध्ये कितीही वेळा घालून सेव्ह केलीत तरी पलीकडच्या टेबलावर पोचणार नाही. त्यासाठी प्रोफाइल, म्हणजे माणसाच्या सेटिंग्जचा संच, लागते. एखादा व्हेरिएबल (नाव दिलेलं सेटिंग) कुठे साठतो याची शंका आली तर ऑटोकॅडच्या मदतीत त्याचं पान उघडा. 'सेव्ह्ड इन' अशी ओळ असते, पुढे 'ड्रॉइंग' किंवा 'रजिस्ट्री' लिहिलेलं असतं. माझे कित्येक तास या एका ओळीने वाचवले आहेत.

तिसरा प्रकार जास्त फसवतो. प्लॉट स्टाइलची, म्हणजे कोणत्या रंगाची रेघ किती जाड छापायची हे सांगणारी सीटीबी फाइल, प्लॉटरची पीसी३ फाइल, ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्ट, रेषाप्रकारांची लिन फाइल या टेम्प्लेटच्या आत नसतात. टेम्प्लेटमध्ये सीटीबीचं फक्त नाव असतं. ती सीटीबी ज्याच्या मशीनवर सापडत नाही, त्याच्या यादीत तिच्यापुढे 'मिसिंग' दिसतं आणि प्लॉट वेगळ्याच जाडीच्या रेषांनी निघतो. लिनचं थोडं वेगळं आहे. ड्रॉइंगमध्ये एकदा लोड झालेला रेषाप्रकार ड्रॉइंगसोबत प्रवास करतो, पण त्यात एसएचएक्समधली आकृती किंवा अक्षरं असतील तर ती फाइल लागतेच.

म्हणजे 'टेम्प्लेट वाटायचं' याचा अर्थ एक फाइल वाटणं नव्हे. टेम्प्लेट, प्लॉट स्टाइल, प्लॉटर, फॉन्ट आणि प्रोफाइल असं पाच जणांचं कुटुंब एकत्र हलवावं लागतं.

टेम्प्लेट बनवताना

सुरुवात कुठून करायची, यावर मी हट्टी आहे. पूर्ण झालेल्या एखाद्या चांगल्या ड्रॉइंगमधल्या रेषा पुसायच्या आणि उरलेलं टेम्प्लेट म्हणून सेव्ह करायचं, ही सर्रास चालणारी पद्धत वापरू नका. दिसणाऱ्या रेषा जातात, पण न दिसणारा कचरा राहतो: बाहेरच्या सॉफ्टवेअरने सोडलेल्या नोंदी, शेकडो निरुपयोगी स्केल, कुठल्या तरी सल्लागाराच्या ड्रॉइंगमधून आलेले रेषाप्रकार. मग ऑफिसचं प्रत्येक नवं ड्रॉइंग हा वारसा घेऊनच सुरू होतं.

त्याऐवजी ऑटोकॅडसोबत येणारं कोरं टेम्प्लेट घ्या. मिलिमीटरमध्ये काम असेल तर 'ॲकॅडआयएसओ'. त्याच्या लिमिट्स ४२० बाय २९७, म्हणजे ए३ कागदाएवढ्या असतात. नुसतं 'ॲकॅड' नावाचं टेम्प्लेट इंचांचं असतं, १२ बाय ९. यादीत 'नेम्ड प्लॉट स्टाइल्स' असं शेपूट असलेली भावंडंही दिसतील. ऑफिसात रंगावर चालणारी सीटीबी पद्धत असेल तर त्यांना हात लावू नका. ड्रॉइंग कोणत्या पद्धतीचं हे जन्माच्या वेळी ठरतं आणि नंतर बदलायला कन्व्हर्टपीस्टाइल्स ही वेगळी कमांड चालवावी लागते.

कोऱ्या फाइलमध्ये जुन्या ड्रॉइंगमधल्या हव्या त्याच वस्तू डिझाइन सेंटरमधून ओढून आणा. कंट्रोल आणि २ दाबलं की ते उघडतं. जुनी फाइल न उघडता तिचे लेयर, स्टाइल, ब्लॉक, लेआउट त्यात दिसतात. एक एक वस्तू हाताने निवडली की आपोआप प्रश्न पडतो: हा लेयर खरंच लागतो का? माझ्या पहिल्या टेम्प्लेटमध्ये १४० लेयर होते. आताच्यात ३२ आहेत, आणि त्यातल्याही चारांबद्दल मला शंका आहे.

मग एककं. युनिट्स कमांडमध्ये 'इन्सर्शन स्केल' मिलिमीटर ठेवा. म्हणजे इन्सयुनिट्सची किंमत ४ झाली. इंचाला १, मीटरला ६. हे टेम्प्लेटमध्ये चुकलं तर दाराचा ब्लॉक हवा त्यापेक्षा २५.४ पट मोठा किंवा लहान येऊन बसतो. २५.४ हा आकडा दिसला की डोळे मिटून सांगावं, एक फाइल इंचात आहे आणि दुसरी मिलिमीटरमध्ये. पण ब्लॉकची फाइल 'युनिटलेस' असेल तर ऑटोकॅड ऑप्शन्समधल्या गृहीत एककावर चालतं, आणि ते माणसागणिक वेगळं असू शकतं. म्हणून टेम्प्लेट नीट करून भागत नाही. ब्लॉकच्या लायब्ररीतल्या फायलींचीही एककं एकदा बसून तपासावी लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.

टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची ० ठेवा. तिथे ठरावीक उंची घातलीत तर डायमेन्शन स्टाइलमधली उंची निष्प्रभ होते आणि 'डायमेन्शनचं अक्षर मोठं का होत नाही' म्हणून कुणीतरी अर्धा दिवस घालवतं. कागदावरची उंची डायमेन्शन स्टाइलमध्ये द्या, २.५ मिलिमीटर नेहमीची. दर स्केलला वेगळी डायमेन्शन स्टाइल बनवण्याची जुनी सवय असेल तर ॲनोटेटिव्ह, म्हणजे स्केलप्रमाणे आकार आपोआप जुळवणारी स्टाइल एकच बनवा. दहा-बारा स्टाइलच्या जागी ती एक उरते. सोबत स्केललिस्टएडिट चालवून नको ती स्केल काढून टाका.

टायटल ब्लॉक ॲट्रिब्यूटसह (भरायच्या रकान्यांसह) खऱ्या अर्थाने ब्लॉक असावा, सुट्या रेषा आणि अक्षरं नकोत. फाइलचं नाव आणि प्लॉटची तारीख फील्डने (आपोआप भरणाऱ्या मजकुराने) येऊ द्या. प्रकल्पाचं नाव, ग्राहक, काम क्रमांक ही माहिती ड्रॉइंग प्रॉपर्टीजमध्ये कस्टम रकाने करून तिथून फील्डने ओढली तर पाच लेआउटवर पाच वेळा टंकावं लागत नाही. टेम्प्लेटमध्ये त्या रकान्यांत खरं नाव कधीही ठेवू नका. मी 'इथे ग्राहकाचं नाव' असं ठेवतो. चुकून तसंच प्लॉट झालं तर लाज वाटते, पण दुसऱ्याच ग्राहकाचं नाव जाण्यापेक्षा ती लाज परवडते.

पेज सेटअप करताना ऑफिसातल्या प्रत्यक्ष प्रिंटरचं नाव न देता 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ' द्या. प्रिंटर बदलतात, बंद असतात, लॅपटॉपवाला घरी बसून काम करतो. न सापडणाऱ्या नेटवर्क प्रिंटरला शोधत बसल्यामुळे ड्रॉइंग उघडायला मिनिटभर लागतंय, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

झालं की न वापरलेल्या वस्तू काढणारं पर्ज चालवा, मग फाइलमधल्या चुका शोधणारं ऑडिट. पर्जमध्ये नोंदणीकृत ॲप्लिकेशनांचा पर्याय वेगळा असतो. कमांडच्या आधी उणे चिन्ह लावून ती चालवली की 'रेगॲप्स' दिसतं.

आता 'सेव्ह ॲज', प्रकार 'ड्रॉइंग टेम्प्लेट', म्हणजे डीडब्ल्यूटी. सेव्ह करताना एक छोटी खिडकी येते, तिच्याकडे बहुतेक जण बघतही नाहीत. वर्णनाच्या जागेत आवृत्ती आणि तारीख लिहा. मापन 'मेट्रिक' आहे ना, ते पाहा. खाली लेयरबद्दल दोन पर्याय असतात: सगळे लेयर 'अनरिकन्साइल्ड' ठेवायचे की 'रिकन्साइल्ड'. दुसरा निवडला तर टेम्प्लेटमधले लेयर 'ओळखीचे' ठरतात आणि लेयर मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये नव्या लेयरची सूचना चालू असेल तर नंतर घुसलेला पाहुणा लेयर ऑटोकॅड दाखवून देतं. ऑफिसात कुणाकडे जुनी आवृत्ती असेल तर टेम्प्लेट त्या आवृत्तीच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. २०१३ ते २०१७ या आवृत्त्यांचा फॉरमॅट एक आहे आणि २०१८ मध्ये तो बदलला, हे लक्षात असू द्या.

ठेवायचं कुठे

ऑटोकॅड आपणहून जो टेम्प्लेट फोल्डर दाखवतं तो प्रत्येक युजरच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असतो, आणि त्याच्या वाटेत आवृत्तीचं नाव असतं. नवी आवृत्ती आली की नवा फोल्डर तयार होतो, जुना तिथेच राहतो, आणि सकाळी फोन येतो, 'टेम्प्लेट गेलं.' गेलेलं नसतं. मागच्या घरात राहिलेलं असतं. शिवाय 'रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट'चा दणका याच जागेला बसतो. म्हणून ऑटोकॅडसोबत आलेल्या टेम्प्लेटवर आपले बदल सेव्ह करू नका. नाव वेगळं द्या, जागा वेगळी द्या.

जागा म्हणजे सर्व्हरवरचा एक शेअर, नेटवर्कवरून उघडता येणारा फोल्डर. आत सरळसोट रचना: टेम्प्लेट, प्लॉट, फॉन्ट, ब्लॉक, लिस्प (ऑटोकॅडसाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम), आणि 'कार्यशाळा' नावाचा एक फोल्डर जिथे पुढची आवृत्ती शिजते. कामांचे फोल्डर याच्या पोटात ठेवू नका. दोघांच्या परवानग्या परस्परविरुद्ध आहेत, त्यांना एका छताखाली आणलं की कधीतरी भांडण होतंच.

रस्ता लिहिताना ड्राइव्हचं अक्षर टाळा. एकाच्या मशीनवर झेड, दुसऱ्याच्या वाय. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पत्ता वापरा.

परवानग्या: इथे वेळ द्या

विंडोजमध्ये सर्व्हरवरच्या फोल्डरला दोन दारं असतात. एक शेअरचं, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी. दुसरं एनटीएफएसचं, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरचं स्वतःचं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि जे जास्त कडक असेल ते चालतं. शेअरला फक्त 'रीड' आणि एनटीएफएसला 'मॉडिफाय' असेल तर नेटवर्कवरून फक्त वाचता येतं. याउलटही तेच. 'सगळी परवानगी दिली तरी सेव्ह होत नाही' याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच असतं, एक दार उघडलेलं, दुसरं विसरलेलं.

मी शेअरच्या दाराशी सगळ्या ऑफिस युजरना 'चेंज' देतो आणि बारकावे एनटीएफएसवर सोडतो. शेअरला 'फुल कंट्रोल' मुद्दाम देत नाही. फाइल ज्याने बनवली तो तिचा मालक असतो, आणि मालकाला तिच्या परवानग्या बदलता येतात. शेअरवर 'चेंज'पर्यंतच असेल तर नेटवर्कवरून हा खेळ करता येत नाही.

माणसांना परवानग्या देऊ नका, गटांना द्या. दोन गट पुरतात: एक सगळ्या ड्राफ्ट्समनचा, दुसरा टेम्प्लेट सांभाळणाऱ्यांचा. दुसऱ्यात दोन माणसं. एकच ठेवलात तर तो रजेवर गेला की पासवर्ड फोनवर सांगितला जातो. चार ठेवलीत तर जबाबदारी कुणाचीच नाही.

टेम्प्लेटच्या फोल्डरवर प्रत्यक्ष करायचं ते असं:

१. फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड.

२. 'डिसेबल इन्हेरिटन्स' दाबा. विचारेल तेव्हा आधीच्या परवानग्या स्पष्ट परवानग्यांत बदलायचा पर्याय घ्या. सगळ्या पुसायचा पर्याय घेतलात तर कधीकधी स्वतःलाच बाहेर बसावं लागतं.

३. यादीतून 'युजर्स', 'ऑथेंटिकेटेड युजर्स', 'एव्हरीवन' अशा सरसकट नोंदी काढा. 'सिस्टिम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' यांना हात लावू नका.

४. ड्राफ्ट्समन गटाला 'रीड अँड एक्झिक्यूट'. सांभाळणाऱ्या गटाला 'मॉडिफाय'.

५. 'डिनाय'चा रकाना कोरा ठेवा. एखाद्याला अडवायचं तर त्याला परवानगी न देणं पुरतं. 'डिनाय' सहसा 'अलाउ'वर मात करतो आणि दोन्ही गटांत असलेला माणूस त्यात चिरडला जातो. तो माणूस बहुधा तुम्हीच असता.

६. 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'मध्ये एखाद्या साध्या युजरचं नाव घालून पाहा.

नव्याने गटात घातलेल्या माणसाला लॉगऑफ करून परत लॉगइन करायला सांगा. गटाचं सदस्यत्व लॉगइनच्या वेळी ठरतं. हे न सांगितल्यामुळे मी एकदा दुपारभर बरोबर असलेल्या परवानग्या दुरुस्त करत बसलो होतो.

फाइलच्या प्रॉपर्टीजमधली 'रीड ओन्ली'ची खूण म्हणजे संरक्षण नव्हे. ज्याला लिहायची परवानगी आहे तो ती खूण काढू शकतो. दाराला कुलूप नाही, 'कृपया आत येऊ नये' अशी पाटी आहे ती.

आता कामाच्या फोल्डरकडे. इथे नेमकी उलटी चूक होते. 'कुणी ड्रॉइंग डिलीट करू नये' म्हणून एखादा उत्साही माणूस लिहायची परवानगी ठेवतो आणि 'डिलीट' काढून घेतो. कागदावर शहाणपणाचं दिसतं, पण ऑटोकॅड त्याने अडखळतं. ऑटोकॅड सेव्ह करताना तीच फाइल उघडून तिच्यावर लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची नवी फाइल बनवतं, जुनीला बीएके (बॅकअप) नाव देतं आणि नवीला मूळ नाव देतं. नाव बदलायला डिलीटची परवानगी लागते. ती नसली की सेव्ह करताना त्रुटी येते आणि फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या टीएमपी फायली साचत जातात. तेव्हा कामाच्या फोल्डरवर ड्राफ्ट्समनना पूर्ण 'मॉडिफाय' द्या आणि डिलीटची भीती बॅकअपने घालवा. सर्व्हरवर शॅडो कॉपी (फायलींच्या जुन्या प्रती राखणारी सोय) चालू असेल तर 'प्रीव्हियस व्हर्शन्स'मधून सकाळची फाइल दोन मिनिटांत परत येते.

बाहेर पाठवलेल्या ड्रॉइंगचा फोल्डर मात्र वाचण्यापुरताच हवा, आणि तिथे एक खाच आहे. त्याच डिस्कवर फाइल कट-पेस्ट केली तर ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाऊ शकते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. म्हणजे कामाच्या फोल्डरमधून उचलून 'पाठवलेले'मध्ये टाकलेली फाइल तिथेही सगळ्यांना बदलता येईल अशी राहण्याचा धोका असतो. म्हणून आमच्याकडे नियम एकच: पाठवलेल्यात कॉपी, कट नाही. टेम्प्लेट 'कार्यशाळा'मधून बाहेर काढतानाही तसंच.

ऑटोकॅडला पत्ता सांगणं

ऑप्शन्स उघडा, फाइल्सचा टॅब. 'टेम्प्लेट सेटिंग्ज'खाली दोन नोंदी महत्त्वाच्या. 'ड्रॉइंग टेम्प्लेट फाइल लोकेशन'मध्ये सर्व्हरवरचा फोल्डर द्या. 'डिफॉल्ट टेम्प्लेट फाइल नेम फॉर क्यून्यू'मध्ये थेट तुमची डीडब्ल्यूटी फाइल द्या, म्हणजे वरच्या पट्टीतलं 'न्यू' दाबताच न विचारता तीच उघडेल. ही दुसरी नोंद कोरी राहिली तर प्रत्येक वेळी यादी समोर येते, आणि यादी समोर आली की माणूस हाताला लागेल ते उचलतो.

'प्रिंटर सपोर्ट फाइल पाथ'खाली प्लॉट स्टाइल आणि प्लॉटर कॉन्फिगरेशनचे शोधमार्ग आहेत, तिथेही सर्व्हरचे फोल्डर जोडा. मग प्रोफाइल्सच्या टॅबमधून हे सगळं एआरजी फाइलमध्ये निर्यात करा आणि प्रत्येक मशीनवर आयात करा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये पी हा स्विच लावून प्रोफाइल आणि टी लावून टेम्प्लेट देता येतं. वेगवेगळ्या विभागांसाठी वेगळे शॉर्टकट करायचे असतील तर हे फार सोयीचं पडतं.

लॅपटॉप घेऊन बाहेर फिरणाऱ्यांना सर्व्हर सापडला नाही की ऑटोकॅड सुरू व्हायलाच वेळ लावतं. त्यांच्यासाठी लॉगइनच्या वेळी विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडने सर्व्हरवरचा फोल्डर त्यांच्या डिस्कवर उतरवा आणि प्रोफाइलमध्ये तिथला पत्ता द्या. सिंक करणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये चालू ड्रॉइंग ठेवून दोघांनी काम करणं मात्र टाळाच. साध्या सिंकमध्ये ऑटोकॅडची फाइल कुलपं भरवशाने काम करत नाहीत आणि एकाच ड्रॉइंगच्या दोन प्रती तयार होतात.

लिस्पचा फोल्डर वेगळा जपा

ऑटोकॅड सेक्युअरलोड या व्हेरिएबलच्या बळावर अनोळखी जागेवरून कोड चालवताना इशारा देतं. रोज इशारा नको म्हणून आपण सर्व्हरवरचा लिस्प फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन्स'मध्ये घालतो. ठीक आहे. पण विचार करा: त्या फोल्डरमध्ये जो लिहू शकतो, तो ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर काहीही चालवू शकतो. ही भीती कल्पनेतली नाही. २०१२ मध्ये ईसेट या कंपनीने मेड्रे नावाचा एक विषाणू उघडकीला आणला होता. तो ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला होता, ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये 'ॲकॅड डॉट एफएएस' नावाने बसायचा आणि ड्रॉइंग चोरून ईमेलने बाहेर पाठवायचा. त्यामुळे विश्वासाची जागा आणि सगळ्यांना लिहिता येणारी जागा एक कधीच नको. कामाचे फोल्डर ट्रस्टेड यादीत घालू नका, पूर्ण सर्व्हर तर नाहीच नाही. आणि सेक्युअरलोड शून्य करा, असा सल्ला कुणी दिला तर त्याचे आभार मानून पुढे जा.

'रीड ओन्ली' आलं, पण परवानगी तर आहे

ड्रॉइंग उघडताच ऑटोकॅड त्याच फोल्डरमध्ये डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ अशा दोन लपलेल्या छोट्या फायली बनवतं. त्यात कुणी, कोणत्या मशीनवरून, कधी उघडलं हे असतं. व्हूहॅज कमांड हीच माहिती दाखवते. वीज गेली किंवा ऑटोकॅड कोसळलं की या फायली मागे राहू शकतात आणि जुन्याच माणसाचं नाव दाखवत राहतात.

तेव्हा लगेच परवानग्या उकलत बसू नका. आधी व्हूहॅजने नाव बघा आणि त्या माणसाला विचारा. त्याच्याकडे बंद असेल तर सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, तिथे ओपन फाइल्स पाहा. तिथेही ड्रॉइंग दिसत नसेल तर दोन्ही डीडब्ल्यूएल फायली काढून टाका. दिसत असेल तर तो दुवा तिथून बंद करता येतो, पण पलीकडे खरंच कुणी काम करत असेल तर त्याचं काम गेलं म्हणून समजा. आधी फोन करा.

सॉलिडवर्क्समध्ये

तत्त्व तेच, नावं वेगळी. पार्ट, असेंब्ली आणि ड्रॉइंग यांचे टेम्प्लेट वेगवेगळे: पीआरटीडॉट, एएसएमडॉट, डीआरडब्ल्यूडॉट. ऑप्शन्समधल्या 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' टेम्प्लेटसोबत जातात, 'सिस्टिम ऑप्शन्स' मशीनवरच राहतात आणि ते हलवायला सेटिंग्ज कॉपी करणारा वेगळा विझार्ड आहे. 'फाइल लोकेशन्स'मध्ये 'डॉक्युमेंट टेम्प्लेट्स'ला सर्व्हरचा पत्ता द्यायचा. शीट फॉरमॅट ही एसएलडीडीआरटी नावाची निराळी फाइल असते. टायटल ब्लॉक तिच्यात बदलला तरी आधीच्या ड्रॉइंगमध्ये तो आपणहून बदलत नाही, शीट फॉरमॅट पुन्हा लोड करावा लागतो. परवानग्यांचं वर लिहिलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू.

बदल करायचा तेव्हा

टेम्प्लेट बदललं म्हणून जुनी ड्रॉइंग बदलत नाहीत. टेम्प्लेटचं काम जन्मापुरतं असतं. चालू कामात नवा लेयर किंवा स्टाइल हवी असेल तर डिझाइन सेंटरमधून ओढा, पेज सेटअप पीसेटअपइनने आणा. वारंवार तपासायचं असेल तर टेम्प्लेटचंच ड्रॉइंग डीडब्ल्यूएस, म्हणजे नियमांची नमुना फाइल, म्हणून सेव्ह करून स्टँडर्ड्सने जोडा आणि चेकस्टँडर्ड्स चालवा. दुसऱ्यांच्या लेयरची नावं आपल्या नावांत बदलायला लेट्रान्स आहे.

बदल थेट चालू टेम्प्लेटमध्ये करायचा नाही, मी सांभाळणाऱ्या गटात असलो तरी. खरं तर मी असलो म्हणूनच. रोजच्या कामासाठी माझं जे खातं आहे ते आता साध्या ड्राफ्ट्समन गटात आहे. टेम्प्लेट बदलायचं असेल तर वेगळ्या खात्याने लॉगइन करतो, 'कार्यशाळा'मध्ये प्रत उघडतो, बदल करतो, वर्णनात आवृत्ती वाढवतो, आधीची फाइल तारखेसह जुन्यांच्या फोल्डरमध्ये कॉपी करतो आणि मग नवी कॉपी करून जागेवर ठेवतो. नाव तेच राहिलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांच्या क्यून्यूचा पत्ता चुकतो.

त्यानंतरची परीक्षा साध्या खात्यानेच. 'न्यू' दाबल्यावर नवी आवृत्ती येते का? एक चौकोन काढून पीडीएफ प्लॉट केला तर रेषांची जाडी बरोबर आहे का? कामाच्या फोल्डरमध्ये सेव्ह होतं का, आणि दुसऱ्यांदाही होतं का? पहिला सेव्ह नवी फाइल बनवतो, डिलीटच्या परवानगीची गरज दुसऱ्याला पडते. आणि शेवटी टेम्प्लेट 'ओपन'ने उघडायचं, एक रेघ मारायची आणि कंट्रोल-एस दाबायचं. ऑटोकॅडने नकार दिला, की मी घरी जातो.